टॉवरच्या लहरींनी बियाण्यातली विकरं बिघडतात का?

वावरकर, आर्वी तालुका
आमच्या गावात पाण्याच्या टाकीपाशी मोबाइलचा टॉवर येऊन राहिला. ग्रामसभेत विरोध झाला तो असा, की कमी शक्तीच्या लहरींनीसुद्धा बियाण्यातली विकरं म्हणजे एन्झाइम बिघडतात आणि उगवण घटते. माझ्या मते या कारणावरून टॉवर अडवू नये. ज्वारी भिजली की अमायलेज स्टार्चची साखर करतं आणि कोंब वाढतो. त्या विकराला खरा फरक पडतो तो तापमानानं. मोबाइलच्या 900 मेगाहर्ट्झ लहरीतल्या एका फोटॉनची, म्हणजे लहरीतल्या ऊर्जेच्या सगळ्यात लहान पुडक्याची ऊर्जा, साध्या उष्णतेनं रेणू जे हलत असतात त्या ऊर्जेच्या हजारो पटींनी कमी आहे. रेणूतले अणू जोडणारे बंध तुटणं तर दूरच.

मास्तरीणबाई
भाऊ, बंध तुटलाच पाहिजे असं कुठं आहे? विकराचा आकार जरासा बदलला तरी त्याचं काम बदलतं. 2011 मध्ये मेंदूच्या संशोधक नोरा व्होल्को यांच्या गटानं अमेरिकेत 50 मिनिटं कानाशी चालू फोन ठेवून पाहिला. अँटेनाजवळच्या मेंदूच्या भागात ग्लुकोजचा वापर सुमारे 7 टक्के वाढला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं या लहरींना संभाव्य कर्करोगकारकांच्या 2बी गटात टाकलं. एवढं असताना 'काही होत नाही' हे लेकराबाळांच्या गावात कोणत्या भरवशावर सांगायचं?

वावरकर
ताई, व्होल्कोंच्याच गटानं लिहिलं की या वाढीचा आरोग्याशी काय संबंध ते कळलेलं नाही. आणि विकराचंच उदाहरण घ्या. 2000 साली 'नेचर'मध्ये ब्रिटनच्या संशोधकांनी छापलं, की मंद मायक्रोवेव्हमुळे, म्हणजे मोबाइलसारख्याच लहरींमुळे, सूत्रकृमी (धाग्यासारखे बारीक किडे) न तापताही तापल्यासारखे वागतात. मोजमाप एका विकराच्या रंगावरून होतं. 2006 मध्ये त्यांनीच तो लेख मागे घेतला. कृमी ठेवलेली जागा अगदी थोडी तापत होती, परिणाम त्याचा होता. आपल्याकडं मे महिन्यात टिनाखाली ठेवलेल्या पोत्याचं काय होत असेल, तेवढं धरा.

बांधावरचा
तुमी सांगता ते खरं असंन, पन माह्यं वावर टॉवरच्या बुडाशी येते. सोयाबीन निंगालं नाई तं म्या कोनाले इचारू? कागदावर हमी देते का कोनी?

कृषी पदवीधर, वणी
काका, हमीपेक्षा चाचणी करा. एकाच पोत्यातलं बियाणं घ्या, ओल्या गोणपाटावर 100-100 दाणे मांडा. एक गोणपाट टॉवरपाशी, एक लांब. दोन्हीकडं सारखी सावली, सारखं पाणी, शेजारी तापमापक. मोजणाऱ्याला कोणतं कुठलं ते सांगू नका. पुन्हा पुन्हा करा. हे सांभाळलं नाही तर मोजाल ते ऊन, लहर नव्हे.

मास्तरीणबाई
चाचणी हवीच, पण टॉवर उभा व्हायच्या आधीची नोंदही पाहिजे. भारतात 2012 पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या दहाव्या हिश्शावर आहे, 900 मेगाहर्ट्झला चौरस मीटरला 0.45 वॅट. ती पाळली जाते का, याची मोजणी गावासमोर करा.

वावरकर
मोजणीला माझा पाठिंबा. पण रेंज नसली की हातातला फोन जास्त जोर लावतो, तोही कानाशी. आमच्या गावात आज तेच चालू आहे. ठरावात मोजणीची अट घाला, नकार नको.

मास्तरीणबाई
अट आधी, सही नंतर. मोजणीचा कागद हाती येईस्तोवर माझा हात वर होणार नाही.