अर्धवेळ काम धरलं, तर निराधारचे पैसे सोडायचे का?

बोरीचा_बांध (धागाकर्ता)

वय 29. जन्मापासून उजवी बाजू कमजोर, यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्डावर 60 टक्के अपंगत्व. बीकॉम झालोय. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला 2,500 येतात. ऑक्टोबर 2025 च्या आधी 1,500 यायचे, जुलै 2023 च्या आधी 1,000.

आता तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात बिलं करायचं काम मिळतंय. दुपारी 4 ते रात्री 8, महिना 6,000. मी एका हाताने टाइप करतो, पण दुकानदाराने तासभर बसवून बघितलं आणि म्हणाला, चालेल.

घोडं अडलंय ते उत्पन्नाच्या अटीपाशी. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 आहे. माझा एकट्याचा पगारच 72,000 होतो, म्हणजे अनुदान बंद. रात्री 8 ला एसटी नाही, रिक्षाने जाऊन-येऊन 60 रुपये, पंचवीस दिवसांचे 1,500. सहा हजारांतून रिक्षा आणि गेलेलं अनुदान वजा केलं की हातात 2,000 उरतात. शंभर तास कामाचे. तासाला 20 रुपये.

दुकानदार म्हणतो, रोख घे, कागद नको. मला पगार बँकेत हवाय. पुढे दुसरीकडे अर्ज केला तर दाखवायला काहीतरी पाहिजे की नको? एकोणतिसाव्या वर्षी माझा अनुभव काय, तर शून्य.

माझं मत सरळ आहे. अर्धवेळ कमावणाऱ्या दिव्यांगाचं अनुदान असं एका फटक्यात तोडू नये. तुमचं काय म्हणणं?

मोंढा

कडू वाटेल, पण लिहितो. योजनेच्या नावातच निराधार आहे. ज्याला आधार नाही त्याच्यासाठी ती आहे. तुम्हाला सहा हजारांचा आधार मिळाला, आता जागा दुसऱ्याला द्या. आमच्या आडतीवर एका पायाने अधू हमाल होता, त्याने आयुष्यात सरकारचा रुपया घेतला नाही. स्वाभिमान नावाची पण काही चीज असते.

खडू

त्या हमालाला म्हातारपणी काय मिळालं तेही लिहा की.

मोंढा

@खडू, विषय भरकटवू नका.

जुना_टेबल

मी महसूलमध्ये होतो, काही वर्षं याच शाखेच्या टेबलावर काढली. आता निवृत्त.

मर्यादा कमी आहे हे मान्य. पण ती उठवली तर काय होतं, ते मी पाहिलंय. अर्जांचे गठ्ठे येतात. त्यात खरोखर गरजू कोण आणि कोणाच्या वशिल्याने कोण आलंय, हे मंजुरीच्या बैठकीत बसल्यावर कळतं. तालुका समितीत अशासकीय अध्यक्ष असतो, पालकमंत्र्यांच्या पसंतीचा. पुढचं सांगायला नको. अशा वेळी उत्पन्नाचा आकडा हे एकच हत्यार आमच्या हातात असायचं. तेही बोथट. पण होतं.

आणि धागाकर्त्याला एक प्रश्न, राग मानू नये. घरात तुम्ही एकटेच का? वडील काय करतात?

बोरीचा_बांध

वडील मजुरीला जातात. आई घरीच.

जुना_टेबल

मग 50,000 च्या आत उत्पन्नाचा दाखला कसा निघाला? रोजगार हमीचा 2025-26 चा दर धरला तरी दिवसाला 312. शंभर दिवस म्हणजे 31,200. मजुराला वर्षात दोनशे दिवस काम लागतंच, आणि शेतात रोजची मजुरी 312 हून जास्त आहे. तुमचं घर नोकरीच्या आधीच मर्यादेच्या बाहेर आहे.

बोरीचा_बांध

हो. आहे. दाखल्यावर 42,000 लिहिलंय. वडिलांनी खरा आकडा सांगितला होता, समोरच्याने "एवढे लिहिले तर बसणार नाही" म्हणून स्वतःच कमी केला. तुमच्यासारख्याच कोणीतरी.

म्हणून तर धागा काढला. आज आमचं खोटं वडिलांच्या मजुरीआड लपतं, कारण मजुरीची पावती नसते. मी बँकेतून पगार घेतला की ते उघडं पडणार. खोटं बोलायचं नाही म्हणून कागदावर काम करायला जावं, तर त्यालाच शिक्षा.

मोंढा

म्हणजे आधीच खोटा दाखला, आणि वर हक्काची भाषा. वा रे वा.

आई_दोन_लेकरांची

मोंढा, जरा दम धरा. गावात 21,000 चे दाखले (इतरांसाठी या योजनेची मर्यादा तेवढी) कोणाकोणाकडे आहेत ते मोजायला बसलो तर तुमच्या आडतीवरचे निम्मे लोक निघतील.

पण मी धागाकर्त्याच्याही बाजूने नाही. माझा मोठा मुलगा 90 टक्के, सेरेब्रल पाल्सी. वय 19. त्याला भरवावं लागतं, उचलावं लागतं, रात्री दोनदा कूस बदलावी लागते. त्याला बिलिंगचं काम कोणी देणार नाही, अर्धवेळही नाही आणि पाव वेळही नाही. त्यालाही 2,500 आणि बीकॉम झालेल्या माणसालाही 2,500. डायपरचाच खर्च महिन्याला त्याच्या आसपास जातो. मी शिक्षिका होते, नोकरी सोडली, ते तर कुठल्याच दाखल्यावर नसतं.

सरकारकडे वाढीव पैसा असेल तर आधी माझ्या मुलासारख्यांची रक्कम वाढवा. कमावू शकणाऱ्यांची मर्यादा वाढवणं नंतर. आंध्रात जुलै 2024 पासून दिव्यांगांना 6,000 मिळतात. बच्चू कडूंनी जून 2025 मध्ये मोझरीला उपोषण केलं, तेव्हा 6,000 चीच मागणी होती. शेवटी मिळाले 2,500.

एडिसनकर

न्यू जर्सीतून. माझ्या मेहुणीला पक्षाघातानंतर इथल्या सरकारकडून पैसे मिळतात, म्हणून हे नियम पाठ झालेत. इकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी नोकरी करून कर भरला असेल तर एसएसडीआय. त्यात नऊ महिने काम करून बघायची मुभा असते, त्या नऊ महिन्यांत कितीही कमावलं तरी पैसे चालू. त्यानंतर मात्र महिन्याची मर्यादा येते, 2025 मध्ये ती 1,620 डॉलर होती, अंधांना 2,700. दुसरी एसएसआय, गरिबांसाठी. तिच्यात मिळकतीतले पहिले 85 डॉलर साधारणपणे सोडतात आणि पुढच्या दर दोन डॉलरमागे एक डॉलर कापतात. म्हणजे काम केलं की हातात थोडं तरी जास्त येतंच. धागाकर्त्याला हवंय ते हेच.

पण इकडे सगळं गोड आहे असं समजू नका. एसएसआयवाल्याने 2,000 डॉलरपेक्षा जास्त साठवायचे नाहीत, हा आकडा 1989 पासून हललेला नाही. आणि चुकून जास्त पैसे आले तर दोन-तीन वर्षांनी परतफेडीचं पत्र येतं. मेहुणीला असं पत्र आलं तेव्हा ती चार दिवस जेवली नव्हती.

जुना_टेबल

दोन रुपयांमागे एक कापायचा, तर दर महिन्याला प्रत्येकाची मिळकत कोणीतरी बघायला हवी. वर्षातून एकदा हयातीचा दाखला घेताना आमची दमछाक व्हायची. अंथरुणाला खिळलेल्याला रिक्षात घालून कचेरीत आणायचे लोक. डिसेंबर 2024 पासून पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, तेव्हापासून तर ज्यांचं आधार जोडलेलं नाही त्यांचे हेलपाटे वेगळेच. अमेरिकेचं सॉफ्टवेअर तलाठ्याच्या टेबलावर ठेवून चालत नाही.

खडू

मग कापूच नका. पूर्ण द्या आणि मर्यादा वर न्या. सोपं आहे.

लाडकी बहीण बघा. जुलै 2024 पासून महिना 1,500, कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. धडधाकट बाईच्या घरी अडीच लाख चालतात आणि 60 टक्के अपंगत्व असलेल्याच्या घरी 50,000 च्या वर एक रुपया चालत नाही. हे कुठलं गणित?

मोंढा

एका योजनेत उधळपट्टी झाली म्हणून दुसरीतही करा, हे तुमचं गणित. तिजोरी काय माझ्या गल्ल्यासारखी आहे का?

खडू

तुमच्या गल्ल्यात काय आहे ते जीएसटीवाल्यांना विचारतो. (ह. घ्या.)

बोरीचा_बांध

@आई_दोन_लेकरांची, तुमच्या मुलाला माझ्याइतकेच मिळतात हे मलाही पटत नाही. खरंच नाही. पण तुमचं उत्पन्न 50,000 च्या वर गेलं तर त्याचेही 2,500 बंद होतील ना? तुम्ही घरी दुपारी दोन तास शिकवण्या घेतल्या तर? ही मर्यादा मुलाच्या मिळकतीची नाही, अख्ख्या घराची आहे.

माझा मुद्दा हा आहे की हे पैसे कशासाठी आहेत ते एकदा ठरवा. मी कमावत नाही म्हणून मिळत असतील, तर कमावल्यावर बंद करा, मोंढ्याचं बरोबर. पण मी कमावलं म्हणून माझा पाय बरा होणार नाही. रिक्षा लागणारच, कॅलिपर झिजणारच, पावसात घसरून पडलो की दवाखाना आहेच. एसटीत 75 टक्के सवलत देताना कंडक्टर माझा उत्पन्नाचा दाखला बघत नाही, कार्ड बघतो. जुन्या करपद्धतीत दिव्यांगाला उत्पन्नातून 75,000 ची वजावट मिळते, अपंगत्व 80 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वा लाखाची. ती कोणाला उपयोगी? ज्याचा पगार कर भरण्याइतका आहे त्याला. म्हणजे लाखांनी कमावणाऱ्या दिव्यांगाला जास्तीचा खर्च असतो हे सरकारला कळतं. सहा हजारवाल्याला मात्र तो नसतो.

जुना_टेबल

हा मुद्दा बरोबर आहे. कायद्यातही तसंच आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 24 व्या कलमात दिव्यांगांचं साहाय्य तशाच इतर योजनांपेक्षा किमान 25 टक्के जास्त असावं असं म्हटलंय, ते जास्तीच्या खर्चासाठीच. आणि तरी जुलै 2023 पासून दोन वर्षांहून जास्त काळ निराधार विधवेला आणि दिव्यांगाला सारखेच 1,500 दिले जात होते. पण त्याच कलमात "आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत" हेही शब्द आहेत. मंत्रालयात सगळे त्याच शब्दांवर बोट ठेवतात.

आई_दोन_लेकरांची

शिकवण्यांचं तुम्ही अचूक ओळखलंत. चौथीची पाच मुलं येतात संध्याकाळी. कुणाला सांगत नाही. बोर्ड लावलेला नाही. त्यांच्या आयांनाही सांगून ठेवलंय की कुठे बोलू नका.

आणि तरीही म्हणते, आधी माझ्या मुलाचं. मर्यादा वाढवा, पण टक्केवारीप्रमाणे रक्कमही वेगळी करा. नुसती मर्यादा वाढवली तर सगळा पैसा चालत्या-फिरत्या लोकांत वाटला जाईल आणि आमच्या वाट्याला पुन्हा 2,500 च.

मोंढा

एक तोडगा सांगतो, फुकटात. दुकानदाराला म्हणा, कागदावर 4,000 दाखव, खात्यात घाल, उरलेले 2,000 हातात. वर्षाचे 48,000 होतात. मर्यादेत बसलात. सगळे असंच करतात.

खडू

आत्ता स्वाभिमानावर कोण बोलत होतं?

बोरीचा_बांध

मोंढा, दुकानदारानेही हेच सुचवलं होतं, तुमचा मावसभाऊ शोभतो. पण 48,000 माझे आणि वडिलांची मजुरी शून्य, असं लिहून द्यावं लागेल. वडील रोज सकाळी साडेसहाला डबा घेऊन निघतात.

सोमवारी होकार कळवायचाय. मी पूर्ण 6,000 बँकेतच घेणार आहे. यंदाचा हयातीचा दाखला झालाय, त्यामुळे काही महिने तरी अनुदान येत राहील. उत्पन्नाचा दाखला पुन्हा काढायची वेळ येईल तेव्हा खरा आकडा सांगेन.

@जुना_टेबल, तेव्हा समोर बसलेल्याने पुन्हा स्वतःच 42,000 लिहिले तर काय करायचं?

जुना_टेबल

सही करू नका. आणि तो चिडेल, त्याची तयारी ठेवा.