डीप पर्पलचा 'पर्पेंडिक्युलर' (१९९६): एवढे निवांत कधी झाले हे?

जुनाबाजारी
नमस्कार मंडळी. रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चार्जर शोधत होतो. एका चादरीवर सीडींचा ढीग होता, त्यात डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडची 'पर्पेंडिक्युलर' साठ रुपयांना मिळाली. मी पर्पल ऐकायला लागलो ते 'इन रॉक' आणि 'मशीन हेड' या अल्बममुळे, म्हणजे १९७० ते ७२ चं पर्पल. घासाघीस न करता उचलली.

घरी लावली आणि गोंधळलो. पहिलं गाणं ठीक आहे, पण पुढे सगळं इतकं सैल का? एक तर चक्क अकूस्टिक गिटारवरचं, तिकडच्या लोकगीतासारखं. मध्येच माउथ ऑर्गन, शेवटी वॉल्ट्झ, म्हणजे ती तीन मात्रांची नाचाची चाल. बारा गाणी आहेत, तासाभराहून जास्त. दोनदा सलग ऐकायला बसलो, दोन्ही वेळा अर्ध्यात उठलो. वय झालं म्हणून मवाळ झाले, की मलाच ऐकता येत नाहीये? तेव्हा ज्यांनी ऐकलंय त्यांनी सांगा.

स्ट्रॅटोकाका
गिटारवर ब्लॅकमोर नाही तर पर्पल नाही. साठ रुपयांत मिसळ आली असती.

काळी चार
काका, मिसळीचं नंतर बघू. जुनाबाजारी, जरा लांबेल.

मी गिटारवाला नाही. कोल्हापुरात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. लग्न, गणपती, जत्रा, मिळेल ती सुपारी. त्यामुळे पर्पल लावलं की माझा कान आधी त्यांच्या कीबोर्डवाल्याकडे, जॉन लॉर्डकडे जातो. 'हायवे स्टार'मधला त्याचा हॅमंड ऑर्गन आठवा. ऑर्गन असा गुरगुरतो का कधी? तो मार्शलच्या अ‍ॅम्पमधून काढायचा, गिटारवाले वापरतात त्याच. शेजारी ब्लॅकमोर उभा असल्यावर दुसरं करणार काय! चर्चमधला गोड ऑर्गन त्या दणक्यात कुणाला ऐकू आला असता?

जुन्या पर्पलची धग ही अशी एकमेकांवर कुरघोडी करण्यातून आलेली आहे. 'मेड इन जपान' या लाइव्ह अल्बमवरचं 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' ऐका. गायक गिलन गळ्याने आणि ब्लॅकमोर गिटारने सवाल-जवाब करतात, अगदी डबलबारी. ऐकणाऱ्याची चंगळ. पण डबलबारीत समोरच्याला पाडायचं असतं, आणि यांचं ते स्टेजवरून उतरल्यावरही चालूच राहिलं. १९९३ च्या अल्बमचं नावच 'द बॅटल रेजेस ऑन', म्हणजे लढाई चालूच! त्याच दौऱ्यात बर्मिंगहॅमला ब्लॅकमोर पहिल्या गाण्याला उशिरा उगवला आणि वर कॅमेरावाल्यावर पाणी फेकलं. कार्यक्रमाचा व्हिडिओ निघालाय, हवं तर बघा. १७ नोव्हेंबरला हेलसिंकीत वाजवलं आणि बँड सोडून गेला तो कायमचाच. जपानचा दौरा तोंडावर आलेला, तो गिटारवाल्या जो सॅट्रियानीने निभावून नेला. मग गिटारवर स्टीव्ह मॉर्स आला.

मॉर्स अमेरिकन, डिक्सी ड्रेग्ज आणि कॅन्सस या बँडमधला. मध्यंतरी काही काळ त्याने विमान कंपनीत पायलटची नोकरीही केली होती. तुम्हाला खटकलेलं ते अकूस्टिक गाणं 'द एव्हिएटर', म्हणजे वैमानिक, त्यामुळे मला दरवेळी ही नोकरी आठवते. संबंध असो नसो.

आता माझी गोष्ट. आमच्या गिटारवाल्याचं आणि माझं आवाजावरून रोज वाजायचं. तो अ‍ॅम्प वाढवायचा, की मी मिक्सरवाल्याला खूण करायचो. मग तो पुन्हा वाढवायचा. कार्यक्रम रंगायचे, लोक शिट्ट्या मारायचे, आणि परतताना टेम्पोत आम्ही दोघं दोन टोकांना बसायचो. तो सोडून गेला आणि दुसरा आला, शांत पोरगा. माझा पीस आला की हा आपला आवाज थोडा खाली घ्यायचा. पहिल्याच कार्यक्रमात मला इतकं मोकळं वाटलं की दोन म्युझिक पीस चुकलो. समोर कुणीच ढकलत नसेल तर जोर लावायचा कुठे, तेच हाताला कळेना.

'पर्पेंडिक्युलर' मला त्याच सुमारास मिळाला, म्हणून असेल, पण त्यात मला हेच ऐकू आलं. चौथं गाणं लावा, 'समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग'. सात मिनिटांच्या वर आहे, घाई करू नका. सुरुवातीला मॉर्स एकेक तार सुटी सुटी वाजवतो. नावात किंचाळणं आहे, पण पन्नाशीचा गिलन जुन्या 'चाइल्ड इन टाइम'सारखी किंकाळी काही फोडत नाही. शेवटी गिटार ती लांब धून घेऊन वर वर जाते, तेव्हा खाली ऑर्गन ऐका. पेटीवाला गवयामागे सूर भरत बसतो ना, तसा लॉर्ड. १९७२ मध्ये त्या जागी त्याने गिटारच्या नरडीला हात घातला असता.

ती सुरुवात आम्ही एकदा तालमीत वाजवली. आमची गायिका म्हणाली, "छान आहे की रे, कुठल्या पिक्चरचं? मी मुखडा घेऊ का?"

मग पाचवं 'कॅस्केड्स' ऐका. तिथे गिटार आणि ऑर्गन जोडीने पळतात, तेव्हा यांना वेग जमत नव्हता असं म्हणायची सोय राहत नाही. मग थेट सातवं. बाकीची हळूहळू. आणि खोटं कशाला बोलू, तिसरं 'सून फरगॉटन' मला आजही कळलेलं नाही. बारातली दोन गाळली असती तर कुणी रडलं नसतं.

नाशिकढोल
काळी चार, ड्रमवाल्याला विसरलात! इयन पेस, पहिल्या अल्बमपासून आजपर्यंत टिकलेला एकटाच, आणि डावखुरा. वॉल्ट्झमध्ये त्याचा हात बघा कसा झुलतो. जुन्या दणदणाटात हे कधी नीट कळायचंच नाही.

स्ट्रॅटोकाका
भांडणं होती म्हणून तर १९८४ ला 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' झाला. 'मशीन हेड'वालेच पाच जण, तीच खुन्नस. त्याच्यासमोर हे तुमचं भजनी मंडळ कुठे टिकतं?

काळी चार
काका, 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' भारीच आहे, वाद नाही. पण पाच वर्षांत त्यांनी गिलनला काढलं की नाही? मॉर्स २०२२ पर्यंत राहिला. आणि भजनी मंडळाला नावं ठेवू नका, माझी सुरुवात तिथलीच आहे.

स्ट्रॅटोकाका
बरं बाबा. चौथं गाणं ऐकतो. एकदाच.

जुनाबाजारी
सगळ्यांचे आभार. काल रात्री हेडफोन लावून सांगितलेल्या क्रमाने ऐकलं. चौथं तीनदा झालं, तिसऱ्यांदा फक्त ऑर्गनकडे लक्ष देऊन. सातव्यातला बेस आणि माउथ ऑर्गन सकाळपासून डोक्यात आहे. 'द एव्हिएटर' अजून नाही पटलेलं.

एक विचारायचं राहिलं. आधीच्या मालकाने आतल्या कागदावर बॉलपेनने दोनच गाण्यांवर खूण केलीये, चौथ्यावर आणि बाराव्यावर. चौथं समजलं. बारावं, म्हणजे ते वॉल्ट्झ, का असेल?

काळी चार
त्याला नाचता येत असेल.