मदत हवी आहे: हेडचे लांबलेले बोल्ट दोनच बदलू की सगळे?

मंडळी, डिचोलीत टिप्परचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन उघडलंय. हेड (सिलिंडरांवरचं झाकण) फेसिंग करून, म्हणजे तळ सपाट करून आणलं, ब्लॉक सरळपट्टी लावून फीलर गेजने तपासला, दोघांमधलं गॅस्केट (सील) नवं आहे. बोल्टांच्या भोकांत टॅप (आटे साफ करायचं हत्यार) फिरवून हवा मारली. तळाशी तेल-पाणी साचलं तर आवळताना ब्लॉक तडकू शकतो, म्हणून तिथे अजिबात घाई केली नाही. मॅन्युअलप्रमाणे मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने टॉर्क (ठरलेल्या जोराने आवळणं) आणि शेवटी बोल्ट आणखी ९० अंश फिरवायचे आहेत.

अडचण अशी की जुन्या बोल्टांपैकी दोन इतरांपेक्षा १ मिलिमीटर लांब भरतात. मॅन्युअलमध्ये कमाल लांबी दिलेली नाही. पूर्ण संच यायला आठ दिवस लागतील, सुटे दोन आजच मिळतात. शिवाय आमचे मेस्त्री म्हणतात, इंजिन गरम करून पुन्हा आवळायचेच. असे अंश मोजून आवळलेले बोल्ट पुन्हा आवळायचे असतात का, आणि दोनच बदलले तर चालेल का?