वेस्टन-सुपर-मेअर: भरतीची वेळ आधी बघा

इंग्लंडमधल्या वेस्टन-सुपर-मेअर या समुद्रकाठच्या गावाबद्दल कुणी म्हणतं, ‘सोबत तिथलाच मित्र असला की वेस्टनला काहीच बघून जावं लागत नाही’. ट्रेन आणि फिश-अँड-चिप्सपुरतं पटतं, समुद्रापुरतं नाही. वेस्टनसमोरच्या ब्रिस्टल चॅनेल या समुद्रपट्ट्याची भरती-ओहोटी जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे, ओहोटीला पाणी पार नजरेआड जातं. आपल्याकडे मुंबईत पुनवेला-अवसेला भरती भर दुपारी बाराच्या सुमारास येते. वेस्टनला त्या तिथींना ती सकाळी आणि रात्री सात-नऊच्या दरम्यान असते, म्हणजे दुपारी दीड-तीनला समोर नुसता चिखल! म्हणून अष्टमीच्या आसपासचा दिवस धरा. तेव्हा भांगाची, म्हणजे लहान भरती असते, पण पाणी दुपारी येतं. भरतीचा तक्ता जीएमटीत (ग्रीनिचच्या वेळेत) असेल तर उन्हाळ्यात एक तास मिळवायचा, इथेच हमखास चुकतं.

मुलं सोबत असतील तर हे जरूर वाचा. प्रॉमनेडजवळची (किनाऱ्यालगतच्या फिरायच्या रस्त्याजवळची) वाळू घट्ट असते, पण पुढे करडा, चकाकता गाळ लागतो. पाण्याच्या ओढीनं तिकडे चालत जाऊ नका. पाय रुतलाच तर उपसायची झटापट नको, त्यानं तो आणखी खोल जातो. मागे रेलून अंगाचा भार पसरा आणि ९९९ हा तिथला आपत्कालीन नंबर लावून कोस्टगार्ड मागा. पाण्यात खेळायचंच असेल तर मरीन लेक हे किनाऱ्यावरचं तळं बरं, तिथे ओहोटीतही पाणी अडवलेलं असतं.