मामाजींचं बीपी १६४, आणि आमचा बचत गट पापड-लोणच्याचा. घरातलं मीठ कमी कुठून करू?

कुहीची_सून (८ एप्रिल)

नमस्कार. नागपूर जिल्ह्यात कुही तालुक्यात, मांढळपासून आत आमचं गाव. घरी सहा माणसं: मामाजी (म्हणजे माझे सासरे), सासूबाई, आमचे हे, मी आणि दोन पोरं, तेरा आणि नऊ वर्षांची.

मागच्या महिन्यात उपकेंद्रातल्या मॅडमनं मामाजींचं बीपी मोजलं तर १६४/९८. आठ दिवसांनी पुन्हा १६०/९६. वय ६७. अ‍ॅम्लोडिपिनची बीपीची ५ मिलिग्रॅमची गोळी दोन वर्षांपासून लिहून दिलेली आहे. रोज घेतात का, ते विचारू नका. डोकं दुखलं की घेतात. मॅडम म्हणाल्या मीठ कमी करा. कमी म्हणजे किती हे विचारायच्या आत मागची बाई खुर्चीवर बसली होती.

मी घरी येऊन वरण-भाजीत अर्धंच मीठ टाकायला लागली. मामाजी पहिल्या दिवशी म्हणाले, "काऊन वं सूनबाई, मीठ संपलं का घरातलं?" आणि ताटात वाढलेलं मीठ सगळं वरणात कालवलं. तिसऱ्या दिवशी सासूबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, इथं तं आवडतीचंच अळणी हाये." हसू आलं मला, पण चौथ्या दिवशी मीठ पुन्हा पहिल्यासारखं झालं.

दुसरी पंचाईत अशी की आमचा गट अकरा बायांचा आणि आम्ही विकतो काय, तर उडदाचे पापड, कैरीचं लोणचं आणि भिवापुरी मिरचीचं तिखट. आता एप्रिल, म्हणजे ओसरीभर पापड वाळत आहेत आणि मामाजी येता-जाता कच्ची लाटी तोंडात टाकतात. ज्या घरात मीठ किलोकिलोनं येतं त्या घरानं मीठ कमी करायचं!

मला विचारायचं ते हे. एका माणसाला दिवसाला किती मीठ चालतं? वेगळा स्वयंपाक न करता हे जमतं का? आणि आमचे हे दिवसभर उन्हात शेतात असतात, इथं ४४-४५ अंश होतं. मीठ कमी केल्यानं त्यांना चक्कर यायची नाही ना?

उमरेडकर (८ एप्रिल)

ताई, सोपं आहे. साधं मीठ बंद करा, सैंधव आणा. दगडाचं असते, नैसर्गिक. आमच्याकडे दोन वर्षांपासून तेच आहे, कोणालाच बीपी नाही.

निवृत्त_सिस्टर (९ एप्रिल)

उमरेडकर भाऊ, तुमच्याकडे कोणाला बीपी नाही हे मोजून सांगता की तसंच? रागावू नका. ३१ वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली, हे वाक्य रोज ऐकलं. सैंधव हेही सोडियम क्लोराइडच. बीपी वाढवणारं सोडियम त्यात साध्या मिठाइतकंच असतं. वरून त्यात बहुतेक वेळा आयोडीन घातलेलं नसतं आणि या ताईच्या घरी वाढती पोरं आहेत. मीठ आयोडीनचंच ठेव बेटा, फक्त कमी कर.

आता किती ते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात सगळं आलं: वरण, भाजी, लोणचं, पापड, टपरीवरचा शेव-चिवडा. लहान पोरांना त्याहून कमी. पण चमचे मोजून काही होत नाही, कारण आपण मीठ हातानं टाकतो. मी बायांना पुडा मोजायला लावायची. एक किलोचा पुडा फोडला की त्यावर पेनानं तारीख लिही. संपला की पुन्हा लिही. १००० ग्रॅमला माणसं आणि दिवस यांनी भाग. तुमची सहा माणसं, पुडा १५ दिवसांत संपत असेल तर प्रत्येकाला रोज ११ ग्रॅम. ५ वर यायचं तर तोच पुडा ३३ दिवस पुरला पाहिजे. गुरांच्या आंबोणातलं आणि गटाच्या पापडांचं मीठ मात्र वेगळ्या डब्यातून घे, नाहीतर बैलांचा हिशोब मामाजींच्या नावावर चढायचा.

अर्ध्यावर एकदम आणलंस तिथंच चुकलं. चौथा हिस्सा कमी कर, दोन-तीन आठवडे तसंच राहू दे, मग आणखी थोडं. जीभ सावकाश शिकते, पण शिकते. काही आठवड्यांनी पहिल्याइतकं मीठ घातलेली भाजी खारट लागायला लागते. कणकेत मीठ घालत असशील तर ते आधी बंद कर, कोणाच्या लक्षातही येणार नाही. भाजीत मीठ सुरुवातीला न टाकता उतरवताना टाक, थोडंच मीठही जास्त खारट लागतं. वरून लिंबू पीळ. जवसाची, कारळाची चटणी करतेस ना? ती बिनमिठाची कर आणि लसूण वाढव. अंबाडीची भाजी तर आंबटपणावरच तरून जाते. आणि वेगळा स्वयंपाक अजिबात करू नको. एकट्याचं अळणी म्हटलं की म्हाताऱ्याला शिक्षा वाटते. भांडं एकच ठेव, सगळ्यांचंच कमी होऊ दे. बीपी तुझ्या नवऱ्यालाही उद्या होऊ शकतं.

लोणच्याचा हिशोब तू मला सांग. गटात माप असेलच.

पापडखार आणि खायचा सोडा, दोन्हींत सोडियमच असतं. ते कोणी मोजत नाही.

बीपी मोजण्याबद्दल एक. मामाजी खर्रा (तंबाखू-सुपारीचा) खातात का? खर्रा खाऊन, चालत येऊन, लगेच मशीन लावलं तर आकडा वाढूनच येतो. अर्धा तास आधी खर्रा नाही, चहा नाही. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून बसायचं, हात छातीच्या पातळीवर, आणि बोलायचं नाही. आणि गोळी रोज. गोळी डोकेदुखीची नाही हे त्यांना तू नको सांगू, त्या मॅडमकडून सांगून घे.

वाडीचा_मेडिकलवाला (९ एप्रिल)

सिस्टरनी बरोबर सांगितलं. एक भर घालतो. दुकानात 'कमी सोडियमचं मीठ' मिळतं. त्यात थोडं सोडियम काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. याचा मोठा अभ्यास चीनमधल्या ६०० खेड्यांत झाला, २०२१ साली छापून आला. जवळपास २१ हजार माणसं, एक तर आधी पक्षाघात होऊन गेलेली, नाहीतर साठीपुढची आणि बीपी असलेली. निम्म्या गावांना ७५ टक्के साधं आणि २५ टक्के पोटॅशियमचं असं मीठ दिलं. पाच वर्षांत त्या गावांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. आपल्या शेजारी तेलंगणात सिद्दीपेट जिल्ह्यातल्या सात गावांतही असा प्रयोग झाला, बीपीच्या ५०२ जणांवर. तीन महिन्यांत वरचा आकडा सरासरी साडेचारनं उतरला. साडेचार ऐकायला थोडं वाटतं, पण आख्ख्या गावाचा उतरला तर थोडं नाही.

तरी मी गिऱ्हाइकाला हे मीठ विचारल्याशिवाय देत नाही. किडनी कमजोर असेल तर अंगात पोटॅशियम साठतं आणि ते थेट हृदयाला बाधतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं. मामाजींची अ‍ॅम्लोडिपिन त्यातली नाही. पण भांडं एकच, आणि सासूबाई काय घेतात ते तुम्ही लिहिलं नाही. आधी दोघांचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासा, डॉक्टरांना विचारा, मग आणा. साध्या मिठापेक्षा बरंच महाग पडतं, हेही आहेच. हाताला लगाम लावणं फुकट आहे.

गोधनी_५५ (१० एप्रिल)

उन्हाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या आईचं सांगतो, वय ७२. तिला बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी होती. मे महिन्यात आम्ही दोघा भावांनी ठरवून तिचं मीठ पूर्ण बंद केलं. लोणचं बंद, पापड बंद, वरण अळणी. आमची हुशारी. बारा-तेरा दिवसांत आई गप्प झाली, मग एका सकाळी मला माझ्या मोठ्या मामाच्या नावानं हाक मारायला लागली. मामा जाऊन वीस वर्षं झाली. आम्हाला वाटलं पक्षाघात. दवाखान्यात रक्त तपासलं तर सोडियम ११८. नॉर्मल १३५च्या वर असायला पाहिजे. चार दिवस भरती. गोळी बदलली, आता ठीक आहे.

म्हणून ताई, कमी करा, बंद करू नका. आणि मामाजींच्या गोळ्यांत लघवीची गोळी आहे का, ते पुडीवर नीट वाचा.

निवृत्त_सिस्टर (१० एप्रिल)

गोधनी भाऊ, बरं केलं लिहिलं. मी विसरलीच होती.

बेटा, तुझ्या नवऱ्याचं असं. ११ ग्रॅमवरून ७-८ वर आलं म्हणून उन्हात काम करणारा पडत नाही. रोज उन्हात राबणाऱ्याचं शरीर घामातून मीठ कमी सोडायला शिकलेलं असतं. पण ४५ अंशात दुपारभर निंदण-वखरण असेल तर त्याच्या डब्यासोबत लिंबाचं पाणी दे, चिमूटभर मीठ आणि साखर घालून. ज्याला घाम, त्याला ती चिमूट. ओसरीवर पंख्याखाली बसणाऱ्याला नाही.

कुहीची_सून (६ जून)

सगळ्यांना उशिरा उत्तर देऊन राहिली, पापडाच्या हंगामात डोकं वर काढायला वेळ नव्हता.

सिस्टर, पुड्यावर तारीख लिहिली. पहिला पुडा १४ दिवसांत संपला. सहा माणसांना जवळपास १२ ग्रॅम! मला वाटत होतं आपण कमीच खातो. मग गटाच्या वजनकाट्यावर लोणचं तोललं. आमचं माप १० किलो कैरीला दीड किलो मीठ, दोन किलो तेल, दीड किलो मसाला. सगळं मिळून १५ किलो, म्हणजे दहावा हिस्सा मीठ. मामाजी वाढून घेतात तो खारासकट चमचा १५ ग्रॅमचा. दीड ग्रॅम मीठ त्यातच. दिवसातून तीनदा घेतात, साडेचार ग्रॅम झाले. म्हणजे त्यांचा दिवसाचा वाटा लोणच्यातच संपतो, वरण-भाजी वेगळीच. हे गणित मी पोराकडून त्याच्या वहीत करून घेतलं आणि आजोबांना त्यालाच वाचून दाखवायला लावलं. माझं ऐकलं नसतं. नातवाचं ऐकलं. आता लोणचं दुपारी एकदाच, आणि नुसती फोड, खार निथळून. बरणीतलं मीठ कमी केलं नाही, बुरशी येते, गिऱ्हाईक जाईल.

कणकेतलं मीठ काढलं, खरंच कोणाला कळलं नाही. ताटातलं मीठ सासूबाईंनी काही सोडू दिलं नाही. ताट मिठाशिवाय वाढायचं नसतं म्हणे. मग मी चिमटीएवढंच ठेवते आणि शेजारी लिंबाची मोठी फोड. दुसरा पुडा १८ दिवस गेला. तिसरा २२. म्हणजे आता साडेसात ग्रॅमवर आहो. ३३ दिवसांवर कधी पोचू माहीत नाही.

बीपी परवा १४८/९०, तुम्ही सांगितलं तसं बसवून, खर्रा न खाता. पण खरं सांगते, हे मिठानं झालं की गोळीनं, मला नाही सांगता येत. गोळी आता रोज सकाळी चहासोबत मी हातात देते, आणि खर्रेही तीनवरून दोनवर आले. लघवीची गोळी त्यांना नाही, पुडी वाचली. सासूबाईंना टेल्मिसार्टन निघाली, म्हणून ते पोटॅशियमचं मीठ आणलं नाही. मेडिकलवाले भाऊ, तुम्ही नसतं लिहिलं तर आणलंच असतं.

आणि हो, मागच्या आठवड्यात मामाजींचा दुपट्टा धुवायला घेतला तर गाठीत कागदाची पुडी. मला वाटलं खर्रा. उघडली तर मीठ. तोलली, ४० ग्रॅम भरली. कोणाला काही बोलली नाही, अर्धी रिकामी करून पुन्हा तशीच बांधून ठेवली.

आता एकच. जुलैत धानाची रोवणी लागली की आमच्याकडे बारा-तेरा बाया जेवायला असतात, याच भांड्यातलं. पुड्याचा हिशोब तेव्हा कसा ठेवू?

निवृत्त_सिस्टर (६ जून)

रोवणीचे दिवस हिशोबातून सोडून दे. त्या बाया चिखलात वाकून घाम गाळतात, त्यांचं मीठ मोजू नको. रोवणी संपली की नवीन पुडा फोड आणि तारीख लिही.

दुपट्ट्याची गाठ मात्र दर आठवड्याला तोलत जा.