शब्दचर्चा : 'भूदृश्य', 'अधिभार', 'गाभा क्षेत्र' (खदानीच्या सारांशातली मराठी)

धुरकरी : नमस्कार मंडळी. आमचं गाव वरोरा-भद्रावती पट्ट्यातलं. शेजारी ओपनकास्ट (वरून उघडी खणायची) कोळसा खदान येऊ घातली आहे. जनसुनावणीआधी खदानीच्या पर्यावरण परिणाम अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत आला. 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेनुसार तो स्थानिक भाषेत द्यावाच लागतो. भाषा मराठीच आहे, पण चावडीवर वाचून दाखवला तेव्हा कोणाला काही उमगलं नाही. वाक्यं साधारण अशी : 'नियोजित प्रकल्पाच्या भूदृश्यावरील प्रभावाचे प्रतिमानीकरण केले असता अधिभाराचा प्रभाव मुख्यत्वे गाभा क्षेत्रात राहील.' आमचे काका म्हणाले, "अधिभार तर लाइटच्या बिलात येते. आता खदानीचाही भराचा का?" मला हे गावासाठी सोप्या मराठीत लिहून द्यायचं आहे. मदत करा.

शुद्धिपत्र : काकांची शंका रास्त आहे. मराठीत 'अधिभार' म्हणजे मूळ रकमेवर चढवलेली जादा आकारणी. कोळशाच्या थरावर असलेल्या माती-खडकाला 'अधिभार' म्हणणं हिंदीतून आलेलं दिसतं. 'वरची माती' म्हटलं तर शेताची सुपीक माती तेवढी वाटेल, म्हणून 'कोळशावरचा माती-खडक' सुचवतो. लांबट आहे, पण चुकीचं नाही.

'नियोजित'लाही माझी हरकत आहे. नियोजित वधू म्हणजे जिचं ठरलं आहे ती. सुनावणी अजून व्हायची आहे ना? मग 'प्रस्तावित' लिहा. साखरपुडा उरकून स्थळ पसंत आहे का विचारण्यात काय अर्थ?

ओबीवाला : मी खदानीत सर्व्हेला होतो, आता निवृत्त. आम्ही त्या माती-खडकाला 'ओबी'च (ओव्हरबर्डन) म्हणतो आणि आजूबाजूच्या गावांतही तोच शब्द चालतो. 'ओबीचा ढिगारा' लिहा, लहान पोरगंही बोट दाखवून सांगेल.

पण धुरकरी भाऊ, शब्दापेक्षा त्यामागचा हिशोब सांगा. विहीर खणली की निघालेली माती परत त्याच विहिरीत मावत नाही, हे तुमच्या काकांना माहीत आहे. फोडलेला खडक फुगतो. समजा, एक टन कोळशामागे 4 घनमीटर ओबी काढावी लागते. 10 लाख टन कोळशाला झाली 40 लाख घनमीटर. ती चौथाईनं फुगली तर 50 लाख. सरासरी 30 मीटर उंच रचली तर सुमारे 17 हेक्टर, म्हणजे 40 एकरांवर जमीन झाकली जाते. हे मी समजुतीपुरतं धरलेलं उदाहरण आहे. तुमच्या अहवालात कोळशाचं आणि ओबीचं प्रमाण दिलेलं असेल, ते घालून बघा. पुढं काही ओबी खड्ड्यात परत भरतात, पण सुरुवातीची बाहेरच टाकावी लागते, कारण तेव्हा भरायला खड्डाच नसतो.

बरडी : आमच्या मोहर्लीकडं 'गाभा' म्हनलं का ताडोबाचा कोअर. तिथं कुदळ मारता येत नाई. मंग खदानीचा गाभा कोनता?

ओबीवाला : बरडी भाऊ, नेमकं धरलंत. खदानीच्या अहवालात 'कोअर झोन' म्हणजे लीजची जागा, जिथं खणणार ती. 'बफर' म्हणजे तिच्याभोवतीचा 10 किलोमीटरपर्यंतचा पट्टा. ताडोबात कोअर म्हणजे सगळ्यात राखलेलं जंगल, इथं कोअर म्हणजे सगळ्यात आधी जाणारी जमीन. जिल्हा तोच, शब्द तोच, अर्थ पार उलटा. ज्याचं वावर 'गाभ्यात' आहे असं वाचून एखादा निर्धास्त झोपेल, त्याचंच वावर आधी जायचं.

शुद्धिपत्र : हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे इथं 'गाभा क्षेत्र' शब्दशः बरोबर असूनही दिशाभूल करतो. सरळ 'खाणीची जागा' आणि 'भोवतालचा 10 किलोमीटरचा पट्टा' असं लिहावं.

धुरकरी : 'खदानीची जागा' लिहितो. आमच्याकडं 'खाण' म्हटलं की पुण्याचा माणूस आला वाटतं. :) आता मुख्य अडचण : भूदृश्य आणि प्रतिमानीकरण.

शुद्धिपत्र : 'भूदृश्य' शब्द म्हणून चांगला आहे, पण तो बघणाऱ्याचा आहे. गच्चीवर उभं राहून चहा पिताना दिसतं ते भूदृश्य. राहणाऱ्याचा शब्द 'शिवार'. शिवारात नाला, पांदण, बोडी, धुरा (शेताचा बांध) सगळं आलं. मात्र शिवार गावाच्या हद्दीवर संपतं आणि अहवालाचा अभ्यास दहा-वीस गावांचा असतो, म्हणून 'परिसरातील शिवारे' असं अनेकवचन घ्यावं. 'प्रभाव' तर काढाच. मराठीत प्रभाव गुरूचा पडतो, वक्त्याचा पडतो. ढिगाऱ्याचा परिणाम होतो. 'आघात'ही सरकारी कागदात चालतो, पण तो फार लवकर निकाल देऊन मोकळा होतो.

'प्रतिमान'ऐवजी 'नमुना' कसा वाटतो?

बरडी : नमुना नोको. नमुना म्हंजे गाव नमुना सात नाई तं घरटॅक्सचा नमुना आठ. लोक तलाठ्याकडं जातीन.

ओबीवाला : मॉडेलच ठेवा. आणि मॉडेल म्हणजे काय तेही दोन ओळींत लिहा, कारण सगळी मेख तिथंच आहे. उपग्रहाच्या उंचीच्या नोंदींवरून जमीन चौकोनांत मांडतात. फुकट मिळणाऱ्या बऱ्याच नोंदींत एक चौकोन 30 बाय 30 मीटरचा, म्हणजे 900 चौरस मीटर, सातबाऱ्याच्या भाषेत 9 आर. तेवढ्या जागेला उंचीचा आकडा एकच. मग त्यावर ढिगारा चढवून बघतात : कोणत्या गावातून दिसेल, पाणी कुठं वळेल. ढिगारा कुठून दिसेल हे तेवढ्यावर बरं निघतं. पण तुमचा हातभर रुंद धुरा 9 आरच्या चौकोनात कुठं दिसणार? लवणही नाही, रपटाही नाही. पावसाचं पाणी मॉडेलमध्ये सरळ जातं, खऱ्या वावरात धुऱ्याला थटून शेजाऱ्याच्या कपाशीत शिरतं.

म्हणून सुनावणीत एकच प्रश्न विचारा : चौकोन किती मीटरचा धरला?

धुरकरी : हे सोनं दिलंत. आणखी एक. तिकडल्या खदानीजवळ ज्यांची घरं आहेत ते सांगतात, "ढिगाऱ्याआड दिवस लवकर बुडते." सारांशात याला काही शब्द नाही.

ओबीवाला : शब्द नसला तरी हिशोब आहे. ढिगारा 60 मीटर उंच, घर त्याच्या पूर्वेला 200 मीटरवर. सूर्य क्षितिजावर 17 अंश असतानाच आड जातो, म्हणजे तासाभरानं आधी. 'दृश्य परिणाम' या मथळ्याखाली फक्त ढिगारा दिसतो का एवढंच बघतात. अंगणात ऊन किती वाजेपर्यंत राहतं, तेही मॉडेलला सहज काढता येतं. कोणी विचारायला पाहिजे.

शुद्धिपत्र : मग 'दृश्य परिणाम' काढून 'काय दिसेल आणि काय झाकलं जाईल' असं लिहा.

धुरकरी : लिहिलं. शेवटचा शब्द : ढिगाऱ्याच्या खालच्या कडेला सारांशात 'पादांगुली' म्हटलंय. हसू नका.

बरडी : पायाचं बोट?? :D

शुद्धिपत्र : पायथा. दुसरं काही नको.

ओबीवाला : पायथाच. आणि त्यापुढं कंसात लिहा, कोणत्या गट नंबरच्या धुऱ्यापासून किती मीटर.