नायट्रसची गळती आणि एनएचएसचे २०४० चे उद्दिष्ट

प्रश्न – भूलतज्ज्ञ, यॉर्कशायर

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने, म्हणजे एनएचएसने, ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्या थेट ताब्यातील कार्बन उत्सर्जन २०४० पर्यंत, आणि पुरवठादारांकडचे धरून २०४५ पर्यंत निव्वळ शून्यावर आणण्याचे ठरवले. २०२२ च्या कायद्याने त्याला वैधानिक आधारही मिळाला. कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट तापमानवाढ करणारे डेसफ्लुरेन हे भुलीचे औषध आमच्याकडे बंद झाले आहे. पुढे काय, यावरच्या बैठकीत सौर पॅनेलपासून कँटीनमधल्या मांसापर्यंत सगळे निघाले, पण भूल विभागाच्या हाती नेमके काय उरते, हे कोणी सांगितले नाही.

उत्तर १ – रुग्णालय अभियंता

आधी नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या वायूचे मॅनिफोल्ड, म्हणजे मोठे सिलिंडर पाइपलाइनला जोडणारी यंत्रणा, पाहावे. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापमानवाढ करणारा असून शंभराहून अधिक वर्षे वातावरणात टिकतो. आमच्याकडे शस्त्रक्रियागृहात तो जवळपास कोणी वापरत नव्हते, तरीही मागच्या खोलीतले मोठे सिलिंडर ठरल्याप्रमाणे बदलले जात होते, आणि त्यात कोणालाच वावगे वाटत नव्हते. दाबमापकाच्या काट्यावरून गळती कळेल, या भ्रमात राहू नये: सिलिंडरमध्ये द्रवरूप नायट्रस असेपर्यंत दाब तसाच दिसतो. म्हणून सिलिंडरचे वजन करावे, आणि वर्षभरातील खरेदी भूलयंत्रांवरील नोंदींशी ताडून पाहावी. आमची बहुतेक खरेदी जुन्या जोडांतून हवेत जात होती. पाइपलाइन बंद करून यंत्रालाच छोटे सिलिंडर लावले. रुग्णाच्या दृष्टीने काहीही बदलले नाही.

उत्तर २ – औषधनिर्माती, सामान्य दवाखाना

अभियंत्यांचे म्हणणे पटते, पण भुलीच्या वायूंचा वाटा एनएचएसच्या एकूण उत्सर्जनात सुमारे २ टक्के आहे; औषधे, उपकरणे आणि इतर पुरवठ्याचा सुमारे ६२ टक्के. इनहेलर ३ टक्क्यांच्या आसपास येतात, आणि तिथे घाई नडते. फवाऱ्याच्या पंपाऐवजी कोरड्या पावडरचा इनहेलर दिला की पंपातला औषध बाहेर ढकलणारा, हवामानाला घातक प्रणोदक वायू टळतो, हे खरे. पण पावडर आत घ्यायला जोराचा श्वास लागतो. लहान मुलाला, किंवा दम लागलेल्या आजोबांना, स्पेसरसह (पंपाला जोडायच्या पोकळ नळीसह) पंपच हवा. मी प्रत्येकाला समोर बसवून श्वास घ्यायला लावते, आणि मगच बदल सुचवते.

प्रश्नकर्ता

वजनाची युक्ती मला सुचलीच नसती. सोमवारी खरेदीची नोंदवही मागवतो. प्रसूती कक्षातील पुरवठाही त्याच मॅनिफोल्डवर असेल का?

उत्तर १ – रुग्णालय अभियंता

सहसा नसतो. तिथे एंटोनॉक्स, म्हणजे नायट्रस आणि ऑक्सिजनचे अर्धे-अर्धे मिश्रण, वेगळ्या नळीतून येते, आणि प्रसूतिवेदना सोसणाऱ्या बाईचा तो आधार असतो. त्या नळीला हात लावू नये. तरीही झडप बंद करण्यापूर्वी वायू बाहेर येणाऱ्या प्रत्येक आउटलेटपर्यंत स्वतः चालत जाऊन खात्री करावी. जुन्या इमारतींचे नकाशे फसवतात.